उजव्या हाताला सेविया

पहाटे साडेपाचला भुवनेश्वरी दारापुढे कोलम, तिकडची पिठाची रांगोळी, काढत होती, तेव्हा कमरेला खोचलेला फोन थरथरला. सात ठिपक्यांच्या सात ओळी घालून झाल्या होत्या आणि त्यांच्याभोवती फिरणारी रेघ निम्म्यावर आली होती. ही रेघ मध्येच सोडायची नसते, सोडली तर पुन्हा नीट जुळत नाही, म्हणून तिनं फोनकडे लक्ष दिलं नाही. या वेळेला मेल येते ती तिकडूनच, एवढं मात्र तिला ठाऊक होतं. तंजावुरात साडेपाच म्हणजे सेवियात रात्रीचे दोन. गेली सहा वर्षं तिच्या पहाटेच्या पोटात ही परक्या गावची रात्र असे. ती सडा टाकायची तेव्हा स्पेनमधल्या त्या गावात टाचांनी फळ्या वाजवत नाचणाऱ्यांचा कार्यक्रम संपून लोक रस्त्यावर आलेले असत, आणि नदीपलीकडच्या त्रियाना नावाच्या पेठेत खुर्च्या टेबलांवर उलट्या ठेवत असत. कुठल्या गल्लीत कितीला दिवे मालवतात, हे ती बोटांवर सांगू शकली असती. पाहिलं मात्र तिनं त्यातलं काहीच नव्हतं. तंजावूर सोडून ती सगळ्यांत लांब गेली होती ती काशीला, आईच्या अस्थी घेऊन, अप्पांबरोबर, रेल्वेनं.

रेघ जिथून निघाली होती तिथे नेऊन मिळवली, पिठाचे हात झटकले आणि पायरीवर बसून तिनं फोन उघडला. तिच्या फेरफटक्यांखाली चुका कळवायला एक पत्ता असे, त्यावर आलेलं पत्र इंग्रजीत होतं. लिहिणारीचं नाव रोसीओ, वय त्रेसष्ट, जन्म त्रियानातला. पस्तीस वर्षं ती पाहुण्यांना शहर दाखवण्याचं काम करत होती, आताशा फक्त संध्याकाळच्या टोळ्या नेत होती: आधी उभ्याउभ्या चार ठिकाणचं खाणं, मग नाच. पत्रात नमस्कार-चमत्कार नव्हता. ‘तुमच्या त्या फोनवर ऐकायच्या फेरफटक्यांमुळे माझ्याकडे येणारी माणसं कमी झाली,’ तिनं लिहिलं होतं. ‘म्हणून तुमचे अकराही फेरफटके मी चुका काढायला ऐकले. चार सापडल्या. एक बेकरी बंद झाली आहे, एका चौकातलं झाड पडलं, बाकी दोन किरकोळ. पण एक गोष्ट चूक आहे की काय आहे ते मला कळत नाही. चर्च असो, कारंजं असो, बैलांच्या झुंजीचं मैदान असो, तुम्ही माणसाला त्याच्याभोवती पुरती फेरी मारायला लावता, आणि ती वस्तू नेहमी उजव्या हाताला ठेवता. नेहमी. आमच्याकडे असं कुणी चालत नाही. मी पस्तीस वर्षं जवळच्या वाटेनं नेऊन दारात उभं करते. काल दुपारी तुमचं ऐकत मोठ्या चर्चला उजव्या हाताला ठेवून फिरले, आणि मागच्या एका कोपऱ्यावर आले जिथे आई गेल्यापासून मी पाऊल टाकलं नव्हतं. मला राग आला. बोलणारी मुलगी इंग्रज आहे, पण शब्द तिचे नाहीत. लिहिणारं कोण आहे? तुम्ही इथे कुठल्या गल्लीत राहत होता? मला सांगा, नाहीतर मी तुमच्या कंपनीला विचारीन.’

भुवनेश्वरीनं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा ती अडखळली ती ‘कुठल्या गल्लीत’ या शब्दांपाशी. दुसऱ्यांदा वाचताना मात्र ती गल्लीपाशी थांबलीच नाही, त्या कोपऱ्यापाशी थांबली. त्या कोपऱ्यावर काय होतं? बाईनं सगळं लिहिलं आणि नेमकं तेवढंच लिहिलं नव्हतं. चर्चची मागची बाजू भुवनेश्वरीला पाठ होती. पायऱ्या, पायऱ्यांच्या कडेनं खांब, खांबांना जाड साखळ्या, पलीकडे ट्रामचा रस्ता. यातल्या कुठल्या पायरीवर एवढा राग दबा धरून बसला असेल?

आत अप्पांची काठी वाजली. कृष्णस्वामी, तिचे वडील, चौऱ्याऐंशी वर्षांचे, पाटबंधाऱ्याच्या ऑफिसातून निवृत्त होऊन त्यांना आता एक पिढी लोटली होती. सहा वर्षांपूर्वी अर्धांगाचा झटका आला, डावं अंग बरंच सुधारलं तरी पाय थोडा ओढत. ‘भुवना, कोणाचें पत्र?’ त्यांनी आतूनच, घरच्या तंजावुरी मराठीत विचारलं. त्यांना टपाल आल्याचं कसं कळतं हे तिला कधी उमगलं नव्हतं.

‘सेवियाहून, अप्पा. एक बाई आहे. मी त्या गांवांत कुठल्या वीदींत राहत होतें म्हणून विचारती.’

‘मेल वीदींत म्हणून सांग,’ अप्पांनी आपल्याच घराच्या रस्त्याचं नाव घेतलं. ‘खोटें कां बोलायचें? कॉफी झाली कां?’

कॉफी गाळताना तिला हसू येत होतं. खरं म्हणजे ही चोरी नव्हती, असं ती स्वतःला सहा वर्षं सांगत आली होती. मुलींच्या शाळेत तिनं सव्वीस वर्षं भूगोल शिकवला. अप्पा आजारी पडले तेव्हा नोकरी सोडली, कारण भाऊ शेषाद्री बेंगळुरात, आणि दुसरं होतं कोण. घरात बसून भिंती खायला उठल्या तेव्हा चुलतभावाच्या मुलानं, गणेशकुमारनं, चेन्नईहून फोन केला. त्याची कंपनी पाहुण्यांसाठी बोलके फेरफटके बनवत होती. कानाला फोन लावायचा आणि आवाज सांगेल तसं शहर फिरायचं. लिहायला माणूस हवं होतं. ‘आत्या, तूं नकाशा वाचतेस, आम्हांला तितकें पुरे,’ तो म्हणाला होता. सेविया तिच्या वाट्याला आलं ते योगायोगानं. मुंबईतल्या कुणीतरी ते सोडलं होतं. पहिल्या आठवड्यात तिनं उपग्रहाचे फोटो पाहिले, दुसऱ्या आठवड्यात रस्त्यांचे. मग चौकांतले कॅमेरे सापडले, जे दिवसभर रिकाम्या फरशीकडे बघत असतात. कुठल्या महिन्यात सावली कुठे पडते ते ती वहीत मांडू लागली. शाळेत शिकवताना ती कधी एवढं शिकली नव्हती. गाव तिच्यात मुरत गेलं. रस्त्यांच्या फोटोंत माणसांचे चेहरे पुसलेले असतात, तरी काही जण तिच्या ओळखीचे झाले होते: एका हिरव्या दारापुढे एक पाय उचललेली, लाल पिशवीवाली बाई, जी सहा वर्षं आत जाते आहे. आत काय असेल, हा प्रश्न भुवनेश्वरीला इतक्या वेळा पडला होता की एकदा अप्पांच्या पथ्याचं वरण त्यापायी करपलं. पासपोर्टसुद्धा तिनं काढला होता. तो गोदरेजच्या कपाटात आईच्या नऊवारी लुगड्यांखाली कोराच्या कोरा होता.

नऊ वाजता अप्पा पेपर घेऊन बसल्यावर तिनं संगणक उघडला आणि स्वतःचे अकरा फेरफटके पहिल्यापासून वाचायला घेतले. वाचताना ती पेन्सिलीनं रेघोट्या मारत होती. एकेचाळीस फेऱ्या निघाल्या. एकेचाळीसच्या एकेचाळीस उजव्या. मोठं चर्च, त्याचा मनोरा, कारंजं, राजवाड्याची भिंत, इथवर ठीक. पण एका बागेत तिनं माणसांना आइस्क्रीमच्या गाडीभोवती फिरवलं होतं, आणि त्रियानात टाइल्सच्या एका दुकानाला वळसा घालायला लावला होता, जिथे दुकानाचं दार समोरच होतं. आपल्याच अक्षरातलं पत्र सापडावं आणि लिहिल्याची आठवण नसावी, असं झालं. एखादी गोष्ट नीट बघायची म्हणजे तिच्याभोवती फिरायचं, आणि फिरायचं म्हणजे असंच फिरायचं, यापलीकडे तिनं कधी काही विचारच केला नव्हता. जगात कुणी दुसऱ्या बाजूनं जात असेल, हे तिच्या ध्यानातच नव्हतं.

कुठून आलं हे, याला फार शोधावं लागलं नाही. ती चार वर्षांची असताना अप्पा तिला मोठ्या देवळात घेऊन जायचे. दगड उन्हानं तापलेला, तिचा उजवा हात त्यांच्या हातात नसे, तो देवाकडे मोकळा ठेवायचा असे. अप्पा डाव्या बाजूनं चालत. ती हरणासारखी उधळून उलटी पळाली की ते ओरडत नसत, रागावत नसत. निघाले होते तिथपर्यंत तिला चालवत नेत आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करत. एकदा अशी तीनदा सुरुवात झाली होती आणि तिसऱ्यांदा तिचे तळवे पोळून ती रडली, तेव्हा त्यांनी तिला खांद्यावर घेतलं, पण फेरी उजवीच घेतली. मग तुळशीभोवती, मग ऑफिसच्या आवारातल्या कडुनिंबाभोवती, मग चित्तिरै महिन्यातल्या देवाच्या रथामागून चारही राजवीथ्यांवरून. शाळेत पृथ्वीचा गोल टेबलावर ठेवून ती मुलींना त्याच्याभोवती उभं करायची. आता आठवलं की त्यांनाही ती उजवीकडूनच फिरवायची, आणि मुली बिनबोभाट फिरायच्या, कारण त्याही याच गावच्या. अप्पांच्या खांद्यावरून तिनं तो एवढासा हात थेट स्पेनपर्यंत नेला होता आणि तो एका परक्या बाईच्या आईला जाऊन लागला होता. हे तिला भयंकर वाटायला हवं होतं. वाटलं ते कुतूहलच, लाज वाटावी इतकं.

दुपारी गणेशकुमारचा फोन आला. त्याला पत्राचा पत्ता नव्हता. त्याचं कारण वेगळंच होतं. नव्या मालकांनी ठरवलं होतं की प्रत्येक फेरफटक्याखाली लिहिणाऱ्याचा फोटो आणि एक ओळ घालायची: ‘या रस्त्यांवरून मी स्वतः चालले आहे.’ शुक्रवारपर्यंत सही करून पाठवायची.

‘मीं चाललें नाहीं की रे,’ भुवनेश्वरी म्हणाली.

‘आत्या, कोण चाललें आहे? प्राग लिहितो तो तुझ्या शेजारच्या पापनाशमला राहतो. त्यानें काल सही पाठवली, भाताच्या शेतांत उभा राहून फोटो काढला, मागचें शेत कापून टाकलें आम्हीं. असके जण तसेंच करतात. दुरून डोंगर साजरे, हें तुला ठाऊक नाहीं कां? लोकांना साजरे डोंगरच पाहिजेत.’

‘आणि नाहीं केली तर?’

पोरगा वाईट नव्हता. दर दिवाळीला तो अप्पांना नेसायला नवी वेष्टी पाठवायचा. ‘तर सेविया दुसऱ्या कोणाला जाईल, आत्या. एक मुलगी आहे, दोन आठवडे राहून आली तिथें. मालक तिला द्या म्हणून आतांच सांगताहेत. मींच म्हटलें, माझी आत्या आहे, थांबा.’ मग त्याला आठवलं. ‘अजून एक. ते वळसे थोडे काप. इतकें गोल गोल फिरवूं नको. लोक मध्येंच बंद करून टाकतात.’

भुवनेश्वरीनं ‘सेरी, बरें, पाहतें’ म्हटलं आणि मग पत्राचं सांगितलं. गणेशकुमारचा आवाज बदलला. त्या बाईला एक अक्षर लिहू नकोस, तो म्हणाला, तिचा धंदा बसला आहे, तिला नेमकं हेच हवं आहे. तू इथे घरात बसून लिहितेस हे तिला कळलं तर ती चार ठिकाणी लिहील, आणि मग तुझंच नाही, पापनाशमवाल्याचंही गाव जाईल. तो खरं बोलत होता. फोन ठेवल्यावर ती बराच वेळ जेवणाच्या टेबलाशी बसून राहिली. सही केली तर गाव तिचं राहणार होतं. सावल्यांची वही, लाल पिशवीवाली बाई, पहाटेच्या पोटातली ती रात्र, सगळं. तिला पहिल्यांदाच स्पष्ट दिसलं की या गावाशिवाय तिचा दिवस म्हणजे कॉफी, औषधं, रसम आणि पुन्हा औषधं. आणि तरी सारखं मनात येत होतं ते हेच, की त्या कोपऱ्यावर काय होतं. विचारायचं तर उत्तर द्यावं लागणार होतं, आणि गल्लीचं नाव खोटं सांगून पुढचं खरं ऐकायला मिळेल असं तिला वाटेना.

संध्याकाळी ऊन उतरल्यावर ती अप्पांना ऑटोनं मोठ्या देवळात घेऊन गेली. रथ होऊन चार दिवस झाले होते, दोरखंडांचा काथ्या अजून रस्त्याच्या कडेला पडला होता. आत दगडी फरशी पायांना कोमट लागत होती. अप्पा नेहमीप्रमाणे तिच्या डाव्या हाताला, ओढत्या पायानं, आणि देऊळ उजवीकडे, उंच, इतकं उंच की लहानपणी ती मान वर करून चालताना लोकांवर आदळायची. सहज म्हणून तिनं मान डावीकडे वळवली. बाहेरच्या तटाची ओवरी होती, आणि नैर्ऋत्येच्या अंगाला भिंतीवर ओळीनं कोरलेली मराठी अक्षरं, भोसल्यांची हकिकत. अक्षरं तिथे आहेत हे तिला माहीत होतं, तंजावुरात कोणत्या मराठी घराला माहीत नाही. पण ती नेहमी डाव्या हाताला राहिली होती, आणि तिची मान नेहमी उजवीकडे. आता ती जवळ गेली आणि शाळेतल्या पोरीसारखी बोट लावून वाचू लागली. देवनागरी तिला अडखळतच येत असे. अर्धी ओळ वाचून होईपर्यंत अप्पा काठी टेकून उभे होते.

‘पन्नास वर्षें इथें येतेस,’ ते म्हणाले, ‘आणि स्पेनच्या भिंती वाचत बसतेस. काखेंत कळसा आणि गांवाला वळसा.’

वळशाची गोष्ट त्यांनी आपणहून काढली म्हणून तिला हसू आलं. ‘अप्पा,’ तिनं विचारलं, ‘उलट गेलें तर काय होतें?’

‘काय होतें? कांहीं होत नाहीं.’ अप्पांनी विचार केला. ‘उलट चालतात तें माणूस पोंचवायला. तुझ्या आईच्या वेळेस शेषाद्री चालला, तूं पाहिलीस की.’

पाहिलं होतं. अंगणात आईला ठेवलं होतं आणि शेषाद्री खांद्यावर मडकं घेऊन तिच्याभोवती फिरत होता, आई त्याच्या डाव्या हाताला. बायकांनी दारात थांबायचं, म्हणून भुवनेश्वरी दारात. सगळ्या रडत होत्या, तीही रडत होती, आणि रडता रडता तिच्या मनात आलं होतं की दादाला आईची ती बाजू दिसते आहे, जी मला दारातून दिसायची नाही. आई गेली त्या दिवशी आपल्याला असलं काही सुचावं याची तिला नंतर कितीतरी वर्षं शरम वाटत राहिली. कुणाला सांगण्यासारखं ते नव्हतं. आता देवळाच्या तटाशी उभी असताना शरम वाटली नाही. आईला नीट बघून घ्यायचं होतं, एवढंच ते होतं, आणि नीट बघायला तिला दुसरी रीत ठाऊक नव्हती. ती स्पेनमधली बाईही आईचंच काहीतरी बघून बसली होती. अप्पांना ओवरीच्या कट्ट्यावर बसवून ती दहा-बारा पावलं उलट चालून आली. समोरून येणाऱ्या दोघीतिघींनी तिला वाट दिली, चुकली असेल म्हणून. अप्पांनी पाहिलं, पण निघाल्या जागी परत नेलं नाही.

रात्री जेवणं झाल्यावर तिनं दोन पत्रं लिहिली. गणेशकुमारला लिहिलं की सही करत नाही, मी चाललेली नाही, त्या मुलीला माझी सावल्यांची वही हवी असेल तर फोटो काढून पाठवते, राग धरू नको. दुसरं रोसीओला, चारच ओळी: तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला लिहून देता येत नाही; तुमची संध्याकाळची टोळी सुटल्यावर, घरी चालत जाताना मला फोन करा; तुमचे रात्रीचे दोन म्हणजे माझी पहाट, मी जागी असते. नंबर लिहिला आणि पाठवून दिलं. मग फार वेळ झोप लागली नाही. गेलं आपलं गाव, असं तिनं अंधारात दोनदा स्वतःशी म्हणून पाहिलं, आणि दुसऱ्यांदा म्हणताना तिला रडू आलं.

दोन दिवस काहीच आलं नाही. गणेशकुमारचं ‘सेरी आत्या’ एवढंच आलं. शुक्रवारी पहाटे ती ठिपके घालत होती आणि फोन वाजला. पलीकडून आधी पावलं ऐकू आली, फरशीवरची, दमलेली, आणि लांब कुठेतरी मोटारसायकल. मग घोगरा आवाज, तुटक इंग्रजी.

‘मी रोसीओ. आत्ता पूल ओलांडला. तुम्ही बोलायला सांगितलं होतं.’

भुवनेश्वरी पिठाचं भांडं घेऊन पायरीवर बसली. तिनं एक वाक्य जुळवून ठेवलं होतं, ते विसरलं. ‘त्या कोपऱ्यावर काय होतं?’ तिनं विचारलं.

पावलं थांबली नाहीत. ‘आधी गल्ली सांगा.’

‘कुठलीच नाही,’ भुवनेश्वरी म्हणाली. ‘मी तुमच्या गावी कधी आलेच नाही. भारतात राहते, दक्षिणेत, तंजावूर म्हणून गाव आहे. मी फोटो बघून लिहिलं. आणि ते उजव्या हाताचं… आमच्याकडे देवाभोवती तसं फिरतात. मला कळलंच नाही मी तुम्हाला तसं फिरवत होते. तुमचं पत्र आलं तेव्हा कळलं.’

आता पावलं थांबली. भुवनेश्वरीला आपल्या गल्लीतला दूधवाल्याचा भोंगा ऐकू आला, आणि तो तिकडेही ऐकू जात असणार हे जाणवून तिला चमत्कारिक वाटलं. आता ती बाई काय करेल? ओरडेल, ठेवून देईल, उद्या चार ठिकाणी लिहील. जे करेल ते करो, तिला आता त्याची भीती राहिली नव्हती, जायचं ते आधीच गेलं होतं.

‘पस्तीस वर्षं,’ रोसीओ शेवटी म्हणाली. तिचा आवाज रागाचा होता की कशाचा ते कळेना. ‘देवाभोवती. आइस्क्रीमच्या गाडीभोवती सुद्धा?’

‘हो.’

‘कुणी हरवलं नाही?’

‘अजून तरी कुणी लिहिलं नाही.’

‘नाही, हरवत कुणी नाही. वेळ फार लागतो.’ पुन्हा पावलं सुरू झाली, आता सावकाश. ‘आई माझी शहराच्या मध्यावरच्या एका घरात कामाला होती. त्रियानातून चालत यायची, कापडी चपला घालून. त्या कोपऱ्यावर पायरीवर बसून पिशवीतले चांगले बूट काढायची आणि घालायची, म्हणजे मालकिणीला चपला दिसू नयेत. मला सांगायची, तिकडे बघ, चर्चकडे बघ. मी चर्चकडे बघायचे. पस्तीस वर्षं लोकांना तेच दाखवते आहे. तुमच्या त्या मुलीनं कानात सांगितलं, आता पायरी बघा, आणि मी पायरी बघितली.’

भुवनेश्वरीला ते वाक्य आठवलं. त्या फेरफटक्यात पायरी बघा आणि तिच्यावर थोडं बसा, असं तिनं लिहिलं होतं, कारण जूनमध्ये चारनंतर तिथे सावली येते. वहीत तारखेसकट होतं.

‘तुमच्या कंपनीला मी काही लिहिणार नाही,’ रोसीओ म्हणाली.

‘लिहिलं तरी चालेल. मी सोडलं आहे. आजपासून दुसरी मुलगी लिहील. तुमच्याकडे येऊन गेली आहे ती.’

‘असं का.’ नुसती पावलं. मग ती थांबली. ‘मी आता टाइल्सच्या दुकानापाशी आले. इथे गल्ली फुटते. तुमच्या फेरफटक्यात इथून उजवीकडे वळायचं, दुकानाला वळसा. चला, तुम्हाला शेवटची एक मारून देते.’

भुवनेश्वरीला ती जागा डोळ्यांपुढे दिसत होती. निळ्या-पिवळ्या टाइल्सची भिंत, वाकलेला दिव्याचा खांब, उजवीकडे जाणारा उतार, पन्नासेक पावलांवर एक नळ. डावीकडचा फोटो तिनं कधी उघडलेलाच नव्हता. सहा वर्षांत एकदाही नाही.

‘नको,’ ती म्हणाली. ‘डावीकडे वळा.’

‘डावीकडे काही बघण्यासारखं नाही,’ रोसीओ म्हणाली. ‘तिकडे मी राहते.’

‘वळा तुम्ही. तिकडे मी आले नाही कधी. काय आहे ते सांगा, मी ऐकते.’

पलीकडे किल्ल्या वाजल्या, मग पावलं वळली. आतून अप्पा कॉफी झाली का म्हणून विचारत होते. भुवनेश्वरीनं फोन डाव्या कानाला धरला आणि अर्ध्या कोलमापाशी बसून राहिली.